खंड पडू न देता

तोंडाच्या कर्करोगाला ‘लाईट द्यावी लागेल’, म्हणजे किरणोपचार करावे लागतील, असे डॉक्टरांनी सांगितले की घरात सगळ्यात आधी विचारले जाते ते हे: रोज जायचे कसे, आणि किती दिवस? रायगड जिल्ह्यातल्या धरमतरच्या खाडीकाठच्या गावांत आणि वडखळ, पेण, नागोठणे, रोहा या पट्ट्यात हा प्रश्न रोगाच्या नावाइतकाच जड असतो. शस्त्रक्रियेनंतरची लाईट साधारण ६ आठवडे चालते. शस्त्रक्रिया न करता लाईटवरच भिस्त असेल तर ७. आठवड्यातले ५ दिवस, दर दिवशी यंत्राच्या टेबलावर १०-१५ मिनिटे. तेवढ्यासाठी पहाटे घर सोडायचे, पनवेलच्या पुढे खारघर किंवा थेट परळ गाठायचे, नंबर लागेपर्यंत बसायचे आणि अंधार पडता पडता घरी यायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

या पुस्तकाच्या निमित्ताने मला जे सांगायचे आहे ते या प्रवासाशी बांधलेले आहे. किरणांची मात्रा ‘ग्रे’ या एककात मोजतात, पण ती एका दमात देता येत नाही. ती दिवसांवर पसरलेली असते आणि दिवस तुटले की मात्रा तुटते. म्हणून पेणहून सुटणारी एस.टी., दादरच्या धर्मशाळेत मिळालेली खाट, मागे शेताकडे आणि गुरांकडे बघणारा भाऊ या गोष्टी उपचाराच्या बाहेरच्या नाहीत. उपचार त्यांच्यावरच उभा असतो. वैद्यकाच्या पुस्तकांत त्यांना सहसा जागा मिळत नाही. या पुस्तकात ती मिळाली आहे, आणि मला हे पुस्तक महत्त्वाचे वाटते ते त्यासाठी.

आधी रोगाविषयी. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२२ च्या अंदाजानुसार ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे वर्षाला सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण एकट्या भारतात आढळतात. जगातल्या अशा रुग्णांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त आपल्या देशात आहेत. पाश्चात्त्य देशांत जीभ आणि घसा यांचे कर्करोग अधिक दिसतात. आपल्याकडे गालाची आतली बाजू आणि खालच्या हिरडीलगतची खोबण इथे रोग धरतो, कारण तंबाखू-चुन्याची चिमूट ठेवण्याची जागा तीच आहे. कोकणात त्याच्या जोडीला बायकांची मिश्री आहे, पानसुपारी आहे. ज्या जिल्ह्यात श्रीवर्धनचा रोठा ही सुपारी अभिमानाचे पीक आहे तिथे सुपारीविरुद्ध बोलणे जड जाते, पण बोलले पाहिजे. तंबाखू नसलेली नुसती सुपारीसुद्धा माणसात कर्करोग घडवते, असा निर्वाळा त्याच संस्थेने २००४ साली प्रसिद्ध झालेल्या खंडात दिला. सुपारीने तोंडाच्या आतले आवरण ताठ होते, तोंड उघडेनासे होते. मुंबईत या विकाराचे वर्णन १९५३ मध्ये डॉ. जोशी यांनी केले. महाराष्ट्र सरकारने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. त्यानंतर सुपारीची पुडी वेगळी आणि तंबाखूची वेगळी मिळू लागली, आणि खाणारा दोन्ही हातावर एकत्र करून खातो.

हे सगळे आपल्याला उशिरा कळले असे म्हणता येणार नाही. टाटा रुग्णालयातले विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावरच आपल्या लोकांच्या सवयी आणि त्यांचे कर्करोग यांची सांगड घातली होती. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले डॉ. फली मेहता यांनी डेन्मार्कचे येन्स पिंडबोर्ग यांच्यासोबत महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासली. तो अहवाल १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. घरोघर जाऊन, बॅटरीच्या उजेडात, गाल बाजूला सारून पाहिलेली लाखभर तोंडे. जगातल्या या विषयाच्या अभ्यासात महाराष्ट्रातल्या खेड्यांचे एवढे मोठे स्थान आहे, हे आपल्याच वाचकांना फारसे ठाऊक नाही.

आता किरणांकडे वळू. राँटगेन यांना क्ष-किरण सापडले ते ८ नोव्हेंबर १८९५ रोजी. क्यूरी दांपत्याला रेडियम सापडले १८९८ च्या अखेरीस. पुढच्या काही वर्षांतच डॉक्टर दोन्ही गोष्टी गाठींवर वापरू लागले होते. सुरुवातीला समज असा होता की एकदाच भरपूर किरण द्यावेत आणि गाठ जाळून टाकावी. त्यात गाठीबरोबर कातडी आणि हाडही जाई. पॅरिसच्या रेडियम संस्थेत क्लॉडियस रेगो यांनी मेंढ्यांवर केलेल्या प्रयोगांनी वेगळी वाट दाखवली. एकाच वेळी मोठी मात्रा दिली तर वरची कातडी करपल्याशिवाय मेंढा निर्बीज होत नसे. तीच मात्रा तुकड्यातुकड्यांनी दिली तर तो निर्बीज होई आणि कातडी शाबूत राही. भराभर विभागणाऱ्या पेशी तुकड्यांनी दिलेल्या किरणांना बळी पडतात आणि सावकाश चालणाऱ्या निरोगी पेशींना मधल्या वेळात स्वतःची डागडुजी करता येते, हे त्यातून उमगले. त्याच संस्थेतल्या हेन्री कुतार यांनी विसाच्या दशकात घशाच्या रुग्णांना आठवड्यांवर पसरलेले किरण देऊन बरे करून दाखवले. आजचा रुग्ण ३० किंवा ३५ वेळा टेबलावर का झोपतो, याचे उत्तर त्या काळच्या पॅरिसमध्ये आहे.

मँचेस्टरची परंपरा वेगळी. राल्स्टन पॅटरसन आणि हर्बर्ट पार्कर यांनी १९३४ पासून रेडियमच्या सुया जिभेत, ओठात, गालात कोणत्या अंतराने रोवायच्या याचे गणित बसवले. गाठीच्या आतूनच किरण द्यायचे, म्हणजे बाजूच्या भागाला झळ कमी. बाहेरून द्यायचेच तर ३-४ आठवड्यांत आटोपायचे, असाही त्यांचा रिवाज होता. अमेरिकेत ह्यूस्टनला गिल्बर्ट फ्लेचर यांनी शस्त्रक्रिया आणि किरण यांना एकमेकांचे प्रतिस्पर्धी मानणे सोडले. दिसणारी गाठ सर्जनने काढावी, डोळ्याला न दिसणारे अवशेष किरणांनी संपवावेत, ही त्यांची मांडणी. डेन्मार्कच्या गटाने वेळेवर लक्ष ठेवले: आठवड्याला ५ ऐवजी ६ वेळा किरण दिले आणि एकूण काळ आठवडाभर कमी केला तर रोग अधिक आटोक्यात राहतो, हे त्यांनी २००३ मध्ये दाखवले. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने हाच प्रयोग विकसनशील देशांतल्या ९०८ रुग्णांवर करून २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ५ वर्षांनी रोग आटोक्यात राहिलेल्यांचे प्रमाण ३० टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेले. एकूण मात्रा तीच होती, फक्त दिवस कमी होते.

असे का होते हे समजून घेण्यासारखे आहे, कारण पेण-रोह्याच्या रुग्णाचे नशीब इथेच ठरते. किरण सुरू झाल्यावर तीन-चार आठवड्यांनी गाठीतल्या उरलेल्या पेशी पूर्वीपेक्षा जलद वाढू लागतात. त्या टप्प्यावर पडलेला प्रत्येक रिकामा दिवस रोगाला मोकळा मिळतो. उपचार लांबलेल्या प्रत्येक दिवसामागे रोग आटोक्यात राहण्याची शक्यता सुमारे १ टक्क्याने घटते, असे अनेक अभ्यासांचे सार आहे. दुर्दैव असे की रुग्ण खचतो तोही याच टप्प्यावर. तोंड सोललेले असते, गिळता येत नाही, घरात पैसे संपत आलेले असतात, गणपती किंवा भाताची लावणी तोंडावर आलेली असते. ‘आता चार दिवस विश्रांती घेऊ आणि मग जाऊ’, हा घरच्यांचा प्रेमळ सल्ला त्या वेळी सर्वांत घातक ठरतो.

भारतात या विद्येचे मोठे घर म्हणजे परळचे टाटा रुग्णालय. दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. दोराबजी टाटांच्या विश्वस्त निधीतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी हे रुग्णालय सुरू झाले. तिथले पहिले भौतिकशास्त्रज्ञ रामय्या नायडू यांनी पॅरिसला मेरी क्यूरींच्या प्रयोगशाळेत काम केले होते. १९६२ मध्ये रुग्णालय अणुऊर्जा विभागाकडे गेले आणि त्याचा परिणाम दूरगामी झाला. भाभा अणुसंशोधन केंद्राने पुढे देशी कोबाल्ट यंत्र बांधले, त्याला ‘भाभाट्रॉन’ नाव दिले. कोबाल्ट-६० चे तेज ५.२७ वर्षांत निम्मे होते, म्हणून त्याचा स्रोत ठरावीक काळाने बदलावा लागतो, पण यंत्र साधे, विजेचा लपंडाव सोसणारे, दुरुस्तीला सोपे. ज्यांना आज रेषीय प्रवेगक म्हणजे लिनॅकच हवा असतो त्यांनी हे विसरू नये की आपल्या छोट्या शहरांत अनेक वर्षे तोंडाचे कर्करोग बरे केले ते कोबाल्टने.

आणि रायगडच्या वाचकासाठी विशेष महत्त्वाची गोष्ट: टाटा रुग्णालयाचे संशोधन आणि उपचाराचे दुसरे मोठे केंद्र खारघरला आहे. खारघर पनवेल तालुक्यात येते, म्हणजे रायगड जिल्ह्यातच. देशातल्या मोजक्या प्रोटॉन यंत्रांपैकी एक २०२३ पासून तिथे चालू आहे. नकाशावर पेणहून खारघर फार लांब नाही. एके काळी धरमतरहून मुंबईला बोट जात असे आणि मुंबईच जवळची होती. आज रस्ता आणि रेल्वे दोन्ही पनवेलवरून जातात, त्यामुळे खारघर वाटेतच पडते. तरी मुंबई-गोवा महामार्गावरचे वडखळचे नाके आणि पावसाळ्यातले खड्डे ज्याने सोसले आहेत त्याला ‘जवळ’ या शब्दाची किंमत ठाऊक आहे. तोंडात फोड असताना एस.टी.चा प्रत्येक गचका जबड्यात जाणवतो.

उपचाराची आजची रीत थोडक्यात सांगतो. गाल आणि हिरडीच्या कर्करोगात, विशेषतः रोग हाडाजवळ पोचला असेल तर, आधी शस्त्रक्रिया आणि मग किरण हा क्रम आता पक्का झाला आहे. कटकच्या एका चाचणीने १९९६ मध्ये हे ठळकपणे दाखवले. गालाच्या पुढारलेल्या कर्करोगात नुसत्या शस्त्रक्रियेनंतर ३ वर्षे रोगमुक्त राहिलेले ३८ टक्के होते, तर किरणांची जोड दिलेले ६८ टक्के. गाठ पूर्ण निघाली नसेल किंवा लसिकाग्रंथींच्या आवरणातून रोग बाहेर पडला असेल तर किरणांसोबत सिस्प्लॅटिन हे औषध देतात. ते आठवड्याला थोडे थोडे द्यावे की तीन आठवड्यांनी एकदम, यावर टाटा रुग्णालयाने ३०० रुग्णांची चाचणी घेतली आणि २०१८ मध्ये तिचा निकाल आला. २ वर्षांनी रोग आटोक्यात राहिलेले पहिल्या गटात ५८.५ टक्के, दुसऱ्यात ७३.१ टक्के. ज्यांची मूत्रपिंडे किंवा कान सिस्प्लॅटिन सोसू शकत नाहीत त्यांना डोसेटॅक्सेल हे दुसरे औषध द्यावे, हेही याच रुग्णालयाने २०२३ मध्ये सिद्ध केले. हे संशोधन आपल्या रुग्णांवर, आपल्या खर्चाच्या मर्यादेत झाले आहे आणि जगाने ते स्वीकारले आहे. चेहऱ्यावरच्या कातडीचे, नाकाच्या टोकाचे, पापणीचे, ओठाचे कर्करोग मात्र वेगळे. तिथे कापले तर चेहरा बदलतो, म्हणून लहान गाठींना किरण हाच मुख्य उपचार असू शकतो. वरच्या जबड्याच्या पोकळीतला रोग डोळ्याच्या इतका जवळ असतो की तिथे नियोजनाची खरी कसोटी लागते.

नियोजन म्हणजे काय, ते रुग्णाने पाहिलेले असते, पण त्याला सांगितलेले नसते. चेहऱ्यावर गरम पाण्यात मऊ केलेली जाळीदार पट्टी बसवून मुखवटा तयार होतो, त्याने डोके रोज त्याच जागी राहते. त्यावर सीटी काढतात. मग डॉक्टर आणि भौतिकशास्त्रज्ञ संगणकावर गाठीची जागा, मज्जारज्जू, डोळे, लाळेच्या ग्रंथी आखतात. तीव्रता कमी-जास्त करून किरण देण्याच्या पद्धतीने लाळग्रंथी वाचवता येतात. इंग्लंडमधल्या २०११ च्या चाचणीत जुन्या पद्धतीने वर्षभरानंतरही तोंड त्रासदायक कोरडे राहिलेले ७४ टक्के होते, नव्या पद्धतीने ३८ टक्के. बेसुमार गर्दी असलेल्या आपल्या रुग्णालयांत प्रत्येकाला हे नियोजन वेळेवर मिळावे, ही मागणी चैनीची नाही. लाळ नसलेल्या माणसाला भाताचा घास गिळता येत नाही.

माझ्या मते या विषयाचा सर्वांत दुर्लक्षित भाग इथून पुढे आहे. लाईट सुरू होण्याआधी दातांचा डॉक्टर गाठला पाहिजे. किडके दात आधी काढून जखम भरू द्यावी लागते, कारण किरण घेतलेल्या जबड्यातला दात पुढे काढला तर हाड सडू शकते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड आतून लाल होते, पांढरे पापुद्रे येतात. मीठ आणि खायचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने दिवसातून अनेकदा चूळ भरायची. तिखट, आंबट, सोलकढी, सुकट हे सगळे काही महिने बंद. नाचणीची पेज, मऊ भात, दूध, अंडे, मऊसूत वरण चालते. वजन झपाट्याने घटू लागले आणि नाकातून नळी घालायची वेळ आली तर ती लाजेची गोष्ट नव्हे, त्या नळीने लाईट पूर्ण होते. जबडा आखडू नये म्हणून दातांत आईस्क्रीमच्या काड्या एकावर एक ठेवून तोंड उघडण्याचा व्यायाम करायचा आणि तो लाईट संपल्यावरही महिनोन्‌महिने चालू ठेवायचा. अंगातून किरण बाहेर पडत नाहीत, रुग्ण नातवंडाला मांडीवर घेऊ शकतो. हे वाक्य किती घरांत कोणी सांगितलेच नाही, आणि आजोबांना वेगळ्या खोलीत ठेवले गेले!

गाव बदलले की अडचण बदलते. खाडीकाठच्या आगरी-कोळी घरात निदान जवळ नातेवाईक असतात. वीटभट्टीवर उचल घेऊन गेलेल्या कातकरी कुटुंबाला सहा आठवडे एका जागी थांबणे म्हणजे वर्षाची कमाई सोडणे. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत किरणोपचाराचा खर्च बसतो, रेल्वेत आणि एस.टी.त कर्करुग्णाला सवलत आहे, दादरला गाडगे महाराजांच्या मिशनची धर्मशाळा टाटाच्या रुग्णांना आसरा देते. पण बुडालेली मजुरी कोणतीही योजना भरून देत नाही. म्हणून कमी दिवसांच्या उपचारावर चाललेले काम मला मोलाचे वाटते. दहा देशांत झालेल्या एका चाचणीत घशा-तोंडाच्या कर्करोगाला ३३ ऐवजी २० वेळांत किरण दिले आणि परिणाम कमी पडले नाहीत, असे २०२३ मध्ये जाहीर झाले. रोग बरा होण्यापलीकडे गेला असेल तर दिल्लीच्या एम्सने ५ दिवसांत २० ग्रे देऊन दुखणे आणि रक्तस्राव आवरता येतो हे दाखवले आहे. अशा रुग्णाला ७ आठवडे फेऱ्या मारायला लावणे अन्यायाचे आहे. कोणाला पूर्ण लाईट आणि कोणाला थोडी, हा निर्णय घरच्यांना समजेल अशा मराठीत सांगण्याची जबाबदारी डॉक्टरांची आहे.

प्रस्तुत पुस्तक या सगळ्यावर मोठे ग्रंथ लिहिणाऱ्यांशी स्पर्धा करत नाही. संपादकांनी तीन वाचक समोर ठेवले आहेत: रुग्णाच्या घरातले हिशेब आणि धावपळ सांभाळणारे माणूस, गावातली आशा ताई आणि तालुक्याच्या ठिकाणचा डॉक्टर. त्यामुळे भौतिकशास्त्र लागेल तेवढेच आले आहे, आणि आहार, दात, जबडा, प्रवास, कागदपत्रे, कामधंदा यांना दिलेली पाने संख्येने जास्त आहेत. काहींना हा तोल चुकीचा वाटेल. मला तो बरोबर वाटतो. रुग्णांच्या नोंदी ओळख पुसून दिल्या आहेत आणि त्यांत बरे झालेल्यांसोबत उपचार अर्धवट सोडलेलेही आहेत. ज्यांनी सोडला त्यांनी तो का सोडला, हे लेखकांनी दोष न देता विचारले आहे. या पुस्तकाचे माझ्या लेखी सर्वांत मोठे काम तेच. एक उणीव मात्र नोंदवतो: आवाज गेलेल्या, चेहरा बदललेल्या माणसाच्या मनाविषयी इथे फार थोडे आहे. पुढच्या आवृत्तीत ते यावे.

वाचकांना माझे सांगणे एवढेच. तोंडात दोन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, कमी उघडणारे तोंड दिसले तर पेण किंवा रोह्याच्या उपजिल्हा रुग्णालयात दाखवा, घरगुती लेपात वेळ घालवू नका. लाईट सुरू झाली असेल तर ती पूर्ण करा. दिवस चुकलाच तर त्याच दिवशी किरणोपचार विभागाला कळवा. शनिवारी बोलावून, किंवा एका दिवसात सहा तासांच्या अंतराने दोनदा किरण देऊन तो भरून काढता येतो, पण त्यासाठी त्यांना वेळेत कळायला हवे.